पहिल्या दुधाचा सूड

“लेकरू झालं की मले निरोप धाडा. मी येईपर्यंत त्याच्या तोंडाले थान लावू नोका. तवर भागवाले हे बोंडलं हायेच.”

मित्रांनो, हा आवाज माझ्यातून अजून जात नाही. भांडी घासली की त्यांच्यातली चव जाते, वास जातो, पण ऐकलेलं जात नाही.

मी एक जुनं बोंडलं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तान्ह्या बाळाला औषध, आईचं काढलेलं दूध किंवा पातळ खाणं पाजण्यासाठी चोचीची छोटी चांदीची वाटी असते, ती मी. लोक मला ‘ते बोंडलं’ म्हणतात, पण सारा जन्म बायकांच्या हातात गेल्यामुळे मी बाईसारखीच बोलते. आणि हेही आधीच सांगून ठेवते, की ही गोष्ट रागाची आहे. देवघरात राहूनसुद्धा माझा राग गेलेला नाही.

माझा जन्म अचलपूरच्या सराफ्यात झाला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून घडवलं, तो माझ्या चोचीच्या काठावरून पुन्हा पुन्हा आपली करंगळी फिरवून पाहायचा. “लेकराच्या ओठाले बोचली तं पाप लागते,” असं पुटपुटायचा. मला विकत घेतलं ते पार्बताबाईने. ती चौकात झेंडू-शेवंतीचे हार विकायची. तिची मुलगी सुभद्रा तिवश्याजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या घरात दिली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पार्बताबाईने मला देवीच्या पायाशी ठेवलं, कुंकू लावलं, पदरात गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर धरून तिवश्याला नेलं.

डोहाळजेवणात मी सुभद्रेच्या ओटीत पडले. तेव्हा अकोल्याहून आलेल्या एका बाईने मला उचललं, वजन पाहिलं आणि तुम्ही वर ऐकलंत ते वाक्य म्हटलं. ती माणिकबाई, सुभद्रेच्या नवऱ्याची, नत्थुजीची, मोठी बहीण. म्हणजे सुभद्रेची नणंद.

त्या घराण्यात एक रीत होती. बाळंतिणीची छाती नणंदेने कडुलिंबाच्या पाण्याने धुवायची, नणंदेला मानाचं लुगडं द्यायचं, आणि मगच बाळाला अंगावर पाजायचं. तोवर येणारं पिवळं, घट्ट दूध, ज्याला चीक म्हणतात, ते नासकं समजून पिळून टाकायचं. माणिकबाईचा हात बरकतीचा मानत. अकोल्याच्या जठारपेठेत तिच्या गल्लीतही कोणाची सून बाळंत झाली की तिलाच बोलावणं यायचं.

सुभद्रेला मुलगी झाली. गोरी, मोठ्या कपाळाची. जन्मताच मूठ तोंडात कोंबून चुटुचुटु चोखू लागली. निरोप अकोल्याला गेला, पण तो भाजीच्या गाडीवरच्या माणसाबरोबर गेला. माणिकबाई रुसली. मानाची नणंद परक्याच्या निरोपावर येत नसते, तिला न्यायला भावाने स्वतः यावं लागतं. नत्थुजी निघाला, तर बहिणीने त्यालाही दारात बसवून ठेवलं.

इकडे सासू लीलाबाई सुभद्रेचा चीक पिळून परसातल्या भिंतीशी टाकत होती, आणि मला गुळाच्या पाण्याने भरत होती.

मित्रांनो, त्या मुलीने माझी चोच कशी धरली होती ते मी कसं सांगू? तिला वाटलं ही आईच आहे. ती ओढायची, आणि तिच्या तोंडात जायचं ते विहिरीचं पाणी आणि गूळ. शेजारच्या खोलीत आईची छाती दुधाने दगड झाली होती. मधे फक्त एक भिंत होती. मला पाय असते तर मी चुलीत जाऊन पडले असते.

पाण्याने मुलीला जुलाब लागले. माणिकबाई नव्या लुगड्याच्या आशेने उंबरठा ओलांडून आली तेव्हा मुलगी डोळे उघडेनाशी झाली होती. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. तिचं नावही ठेवलं नव्हतं.

मग ओसरीवर बायका जमल्या असताना माणिकबाईने एक वाक्य उच्चारलं. “हिच्या दुधातच जीव नव्हता, तं लेकरू कसं जगन?”

ज्या दुधाचा एक थेंब मुलीच्या ओठाला लागू दिला नाही, त्याच दुधावर आळ. हे वाक्य विहिरीवर गेलं, बाजारात गेलं, हळदीकुंकवाला गेलं. सवाशिणी ओटी भरताना सुभद्रेला मागे ठेवू लागल्या.

सुभद्रा भांडली नाही. तिचा आवाजच असा, की समईची वात हलायची नाही. एका संध्याकाळी तिने मला घासून देवघरात मांडलं आणि हात जोडून म्हणाली, “देवा, माणिकबाई आपल्या तोंडानं चार बायांत खरं सांगत नाही, तवर मी गूय तोंडात घालणार नाही.”

लोकांना ते व्रत वाटलं. संक्रांत आली, पोळा आला, तिने गूळ घेतला नाही. बायका म्हणायच्या, किती देवभोळी आहे. खरं फक्त देवाला आणि मला ठाऊक होतं. ती रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची, दिवा लावायची, आणि उदबत्ती ओवाळताना मला एकदा बोटाने सरळ करायची. ते सरळ करणं म्हणजे राग विझू नये म्हणून वात वर ओढणं होतं. हवेने चांदी काळी पडते म्हणतात. मी काळी पडले ती हवेने नव्हे.

पुढे नितेश झाला. या वेळी सुभद्रा हट्टाने सरकारी दवाखान्यात गेली, आणि पिशवीत मला घेऊन गेली. तिथे बेबीताई नावाची परिचारिका होती. तिने नाळ कापली आणि बाळ पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं.

सुभद्रा घाबरली. “ताई, अजून धुतली नाही. अन् हे पिवळं...”

“पिवळं म्हणजे सोनं हाय,” बेबीताई म्हणाली. “लेकराची पहिली लस हेच. थेंब थेंब येते, कारण लेकराचं पोटच बोराएवढं असते. पाणी नाही, मध नाही, गूळ नाही, घुटी नाही. सहा महिने फक्त तुहं दूध.”

“अन् मले दूध आलंच नाही तं?”

“अवं, दूध काय नळ हाय का, आधी यीन अन् मंग बादली लावशीन? लेकरू जितकं ओढीन तितकं ते बनते. जिथं ओढूच दिलं नाही तिथं उतरन कसं?”

सुभद्रेने तिचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, “मंग माह्या पह्यल्या पोरीले... माह्या दुधात जीव होता?”

बेबीताईने सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “होता. तुमी तो भिंतीवर फेकला.”

मी पिशवीत होते. त्या दिवशी सुभद्रा जितकी रडली तितकी ती मुलीच्या दिवशीही रडली नव्हती. पण त्यानंतर तिचा राग भरकटला नाही. त्याला घर सापडलं, अकोल्यातलं.

वर्षं गेली. नितेश मोठा झाला, नत्थुजीच्या मिशा पांढऱ्या झाल्या. बेबीताईकडून शिकलेलं सुभद्रा गावातल्या बाळंतिणींना सांगू लागली. कोणी म्हणायची, काकू, लेकरू सारखं रडते, पोट भरत नसन. सुभद्रा विचारायची, लंगोट किती ओले करते? दिवसातून सहा-सात वेळा करत असेल आणि वजन वाढत असेल तर पोट भरतं आहे. रडणं काय नुसतं भुकेचंच असतं? तुझी सासू दिवसभर कुरकुरते, ती काय उपाशी असते? बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कोणाला चिरा पडलेल्या असायच्या. ती सांगायची, बाळ नुसतं टोक धरून ओढतं आहे, काळा भागही तोंडात गेला पाहिजे, मग दुखत नाही. ताप आला, गाठ लाल झाली, तर मात्र दवाखाना गाठा, माझ्याकडे वेळ घालवू नका. मला ती देवघरातून काढत नसे. माझी वेळ आली नव्हती.

मग या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका सकाळी, फोन वाजला. माणिकबाईची सून चंदा बोलत होती, दबक्या आवाजात. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

“मामी, आमच्या पोरीले, हर्षीले, पोट्टी झाली. लहानशी हाय, थोडी आधीच झाली. दवाखान्यातून घरी आणली अन् आत्याबाईनं रीत काढली. हर्षीची नणंद परतवाड्याहून येईपर्यंत अंगावर पाजू दिलं नाही. डब्याची पावडर बाटलीतून देऊन राहिले. आता पोट्टी थानच धरत नाही. हर्षीची छाती नुसती दगड झाली. अन् आत्याबाई म्हणते...”

“काय म्हणते?” सुभद्रेने विचारलं.

“म्हणते, पोरीच्या दुधातच जीव नाही.”

मित्रांनो, खरं सांगते, त्या क्षणी मी नाचले असते. तेच वाक्य, त्याच तोंडातून, आणि या वेळी स्वतःच्या नातीवर. मी मनात म्हटलं, सुभद्रे, जाऊ नको. कळू दे त्या म्हातारीला, रिकामी ओटी कशी असते ते. जे पेरलं ते तिच्याच शेताच्या धुऱ्यावर उगवलं आहे, तू कशाला तण निंदायला जातेस?

सुभद्रा देवघरासमोर बसली. तिच्याही मनात तेच येत असावं, कारण दिवा लावायचा ती विसरली. मग तिने चंदाला फोन केला. “आधी पोट्टीले अन् हर्षाले डॉक्टरीणबाईले दाखवून आण. वजन करून घे. मी येते.” मग राख घेऊन मला घासू लागली. इतकी जोरात, की मला माझा अचलपूरचा जन्म आठवला.

बसमध्ये मी तिच्या पिशवीत होते. मला वाटलं, ही मला माणिकबाईच्या तोंडावर फेकून मारणार. मी तयार होते.

जठारपेठेत वरच्या मजल्यावर माणिकबाईचं घर. ती दिवाणावर बसली होती, पाय सुजलेले, पण मान ताठ. सुभद्रेला पाहून म्हणाली, “ये वं. तमाशा पाहाले आली असशीन.”

चंदाने लगबगीने चहा आणला. सुभद्रेने कप तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. चहा गुळाचा होता.

“अजून ते व्रत सुरू हाय का?” माणिकबाईने विचारलं. “कोण्या देवाचं म्हणावं?”

“देवाचं नाही, ताई. तुमचं.” सुभद्रेने मला पिशवीतून काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. “हे ओयखता?”

माणिकबाईने मला ओळखलं. तिची नजर माझ्यावरून सरकली आणि भिंतीवर गेली.

सुभद्रा आपल्या त्याच मऊ आवाजात बोलली. “माह्या पोरीले तुमच्या मानापायी यातून गूय-पाणी पाजलं. मंग तुमी म्हटलं, माह्या दुधात जीव नाही. आज हर्षाले तेच म्हणता. तुमच्याशी एक करार करते. हर्षाच्या पोट्टीनं मायचं थान धरलं, तं ज्या ज्या घरी तुमी छाती धुवाले गेल्या, त्या त्या घरी पायी जाचं. अन् चार बायांत सांगाचं का ही रीत खोटी हाय, अन् सुभद्रेची पोट्टी माह्या रुसव्यानं गेली.”

“अन् नाही धरलं तं?”

“तं मी तिवश्यात ओसरीवर उभी राहून सांगीन, माह्याच दुधात जीव नव्हता.”

माणिकबाई हसली. तिला पैज स्वस्त वाटली. “लाव मंग. माहा शब्द हाय.”

मित्रांनो, सुभद्रेने आपली मेलेली मुलगी पणाला लावली होती.

आतल्या खोलीत हर्षा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने सांगितलं, “मामीआजी, डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या का पोट्टी ठीक हाय, फक्त मायचंच दूध द्या, डबा बंद करा. त्यांनी धरून दाखवलं बी. पण घरी आलं का आजीचं राज्य. अन् माह्यात दूध नाहीच म्हणते ते.”

“दूध नाही तं छाती दगड कशानं झाली? गिट्टी भरली का आत?” सुभद्रा म्हणाली. हर्षाला रडता रडता हसू आलं.

सुभद्रेने कोमट पाण्यात फडकं पिळून छातीवर ठेवलं. हात स्वच्छ धुऊन, काळ्या भागाच्या मागे अंगठा आणि बोट ठेवून हळूच दाबायला हर्षालाच शिकवलं. मला उकळत्या पाण्यातून काढलं होतं. पहिला थेंब माझ्यात पडला. पिवळसर, कोमट, जड.

इतक्या वर्षांत माझ्यात आईचं दूध कधी पडलंच नव्हतं. त्यासाठीच तर मला घडवलं होतं. म्हाताऱ्या कारागिराने करंगळी फिरवून फिरवून माझा काठ गुळगुळीत केला होता तो त्यासाठीच, आणि मला काय काय पाजायला लावलं. माझा राग तेव्हा वितळला म्हणाल, तर नाही. तो उकळला.

बाळाचे कपडे काढून, टोपी घालून, हर्षाच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून पदर पांघरला. मग छातीशी नेलं. बाळाने तोंड लावलं, ओढलं, मान फिरवली आणि रडू लागलं. बाटलीत दूध आपोआप येतं, इथे कष्ट पडतात.

दारातून आवाज आला. “पाह्यलं? मी काय सांगतलं?”

सुभद्रेने बाळाला थोडं उठवून बसवलं आणि माझी चोच तिच्या खालच्या ओठाला टेकवली. ओतलं नाही, फक्त टेकवली. बाळाने जीभ बाहेर काढली, चाटलं. पुन्हा चाटलं. आईच्या दुधाची चव तिला कळली.

दुपार उलटली. पुन्हा छातीशी, पुन्हा रडणं, पुन्हा मी, पुन्हा छातीशी. हर्षा म्हणाली, “मामीआजी, राहू द्या. द्या बाटली.” सुभद्रा म्हणाली, “तू पाठ टेक. कमरेमागं उशी घे. पोट्टीले वाकून पाजू नको, पोट्टीले तुह्याकडं आण. पोटाले पोट लागू दे. टोकानं तिच्या ओठाले गुदगुली कर. जांभई दिल्यावानी आ करते का पाह्य. तवर थांब.”

थांबलो. बाळाने ओठ चाटले, नाक घासलं आणि एकदम मोठा आ केला. हर्षाने तिला जवळ ओढलं. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर उलटला, गाल फुगले.

आधी नुसतं चुटुचुटु. मग थांबून एक गट्. पुन्हा गट्.

तो आवाज दारापर्यंत गेला. माणिकबाई चौकटीला धरून उभी होती. बाळ पीत होतं, हर्षाच्या दुसऱ्या छातीतून दूध आपोआप ठिबकत होतं, आणि म्हातारी ते ठिबकणं बघत होती. ज्या घरात ‘दूध नाही’ म्हणून डबा फोडला, त्या घरात दूध जमिनीवर सांडत होतं.

शेवटी ती म्हणाली, “मले माह्या सासूनं तसंच सांगतलं होतं. खरं मलेही कोणी सांगतलं नाही.”

“मले ठाऊक हाय,” सुभद्रा म्हणाली. “आता तुमाले सांगतलं.”

“तू मले माफ केलं का?”

सुभद्रेने मला फडक्याने पुसलं. “नाही, ताई. करार झाला, तेवढा पाळा.”

मी पुष्कळ सवाशिणींचे हात पाहिले आहेत, पण इतका शांत सूड कधी पाहिला नव्हता. जी बाई मानाने घरोघर रीत वाटत फिरली, तिनेच आता घरोघर जाऊन ती परत घ्यायची. याहून कडू शिक्षा माझ्यासारख्या काळ्या पडलेल्या भांड्यालाही सुचली नसती.

दोन-तीन दिवस सुभद्रा तिथेच राहिली. बाळाने डबा सोडला, लंगोटांची दोरी भरली. दवाखान्यात वजन वाढलेलं निघालं. आता मी चंदाच्या फडताळात आहे, उकळून, उपडी ठेवलेली, कधी हर्षा बाहेर गेली तर तिचं काढलेलं दूध पाजायला. गावाला निघताना सुभद्रेने मला मागे ठेवलं, आणि मागे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं तर घरातल्या मोठ्यांना माझं नाव सांगा. जन्मल्यावर तासाभरात बाळाला आईच्या छातीशी द्या. पिवळं दूध फेकू नका. त्या दुधाच्या आधी पाणी नको, मध नको, गूळ नको, आणि कोणाचा मानही नको. आईला दूध नाही असं तिच्या कानाशी कोणी म्हणालं, तर त्याला थांबवा. तेवढ्या एका वाक्याने दूध आटतं, कधी कधी आईही आटते. आणि आम्हा भांड्यांना जपा, पण आम्हाला आईच्या जागी बसवू नका. आम्ही विसरत नाही.

करार झाल्यापासून माणिकबाई अजून एकाही घरी गेली नव्हती. आज सकाळी खालच्या गल्लीतल्या बुधाजीच्या घरून बोलावणं आलं. सून काल बाळंत झाली, छाती धुवायला आजी पाहिजेत. चंदाने माणिकबाईकडे पाहिलं. हर्षाही बाळाला पाजता पाजता थांबली.

माणिकबाई उठली. कोणी हात द्यायला गेलं तर तिने तो बाजूला केला. तोंड धुतलं, देवापुढे डोकं टेकवलं, धुतलेलं लुगडं नीट सावरलं आणि डोक्यावरून पदर घेतला. पायात चपला घालताना एकदा तिचे ओठ हलले, जणू काय बोलायचं ते ती मनात म्हणून पाहत होती. मग भिंतीचा आधार घेत, कडुलिंबाचं पाणी न घेता, रिकाम्या हातांनी, ती जिना उतरू लागली.